भिंतीकडे तोंड केलेला फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. पण तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात, तर मी फ्लेक्स आहे हे तुम्हाला पटकन कळणार नाही. तुम्हाला एक नदी दिसेल. निळ्या रंगाने हातानं रंगवलेली, खडकवासल्याच्या धरणातून निघून वळणं घेत पुण्यात शिरणारी. काठावर टेकड्या आहेत, पूल आहेत आणि एका पुलावर कुणीतरी नंतर पेनाने काढलेली लाल बस आहे. ही माझी मागची बाजू. माझं तोंड भिंतीकडे आहे.

तुमच्यापैकी कुणाला बाईंनी कधी भिंतीकडे तोंड करून उभं केलं असेल, तर माझी अवस्था त्याला लगेच समजेल. फरक एवढाच, की तुमची शिक्षा तास संपला की संपते. माझ्या तोंडावर जे छापलं आहे ते पुसता येत नाही. ते काय आहे आणि मला त्याची इतकी लाज का वाटते, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म हमीदभाईंच्या दुकानात झाला. सिंहगड रस्त्यावर त्यांचं छपाईचं लहानसं दुकान आहे. हमीदभाई यंत्र सांभाळतात आणि त्यांच्या पत्नी नजमाताई संगणकावर बसून मजकूर आणि फोटो जुळवतात. माझ्याआधी त्याच यंत्रातून एका पुढाऱ्याचा वाढदिवस आणि एका कुल्फीवाल्याचे दर बाहेर पडले होते. मी कोरा, गुळगुळीत, गुंडाळीत पडून होतो. आपल्या नशिबात काय येतंय, याची मला भारी उत्सुकता होती.

त्या दिवशी दुकानात सर्जेराव आले. खडकवासल्याच्या अलीकडचं, आता महापालिकेत गेलेलं एक गाव आहे, तिथले हे जुने शेतकरी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. त्या गावात शेतं गेली आणि इमारती आल्या, पण चौक जागच्या जागी राहिला, आणि चौकात फ्लेक्स लावायची हौस तर आणखीच वाढली. वाढदिवस असो, निवड असो की दारात आलेली नवी गाडी असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं तिथे कुणी धरतच नाही.

"हमीदभाई, आमची पूर्णिमा बाई झाली!" तात्या दारातूनच म्हणाले. "पेठंतल्या शाळंत. मोठा फ्लेक्स पायजे."

पूर्णिमा म्हणजे तात्यांची सून, त्यांच्या विश्वजीतची बायको. आणि बाई झाली म्हणजे शिक्षिका झाली, हे तुम्हाला सांगायला नकोच.

"अरे वा! मुबारक हो तात्या," हमीदभाई म्हणाले. "ऑर्डर आली का हातात?"

"शाळंचा फोन आलाय की. निवड झालीय, सोमवारी कागदं घिऊन या म्हणाले. ऑर्डर काय, ती येतीच मागनं."

"मग ती येऊ द्या. मी दुकान घेऊन कुठे पळून चाललोय?"

"तुमी न्हाई, पर चौकातला खांब पळतोय. आज जागा मोकळी हाय. उद्या कुणाचा वाढदिवस लागला, मंजी महिनाभर आमची सून गल्लीत टांगायची व्हय?"

हमीदभाईंनी नजमाताईंकडे पाहिलं. नजमाताईंनी खुर्ची पुढे ओढली. गिऱ्हाईकाशी किती वाद घालायचा, हे त्या दोघांना अनुभवाने ठाऊक होतं. थोड्याच वेळात मी यंत्रात सरकलो आणि माझ्यावर शाई चढू लागली.

सगळ्यात वर तीन वेळा 'अभिनंदन' आलं, प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा मोठं. मधोमध पूर्णिमेचा हसरा फोटो आला. नजमाताईंनी ती खऱ्या पूर्णिमेपेक्षा जरा जास्तच गोरी केली होती, पण तशी पद्धतच आहे. फोटोखाली तिचं नाव, त्यापुढे 'एम.ए. शिक्षणशास्त्र' आणि त्याखाली लालभडक अक्षरांत, पुण्यातील नामांकित शाळेत शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल, असं लिहिलं गेलं. तळाला शुभेच्छुकांची रांग होती. "फोटू सुनंचा मोठा घ्या, माझा बारका चालंल," असं तात्यांनी दोनदा बजावलं होतं. तरी गॉगल लावलेले तात्या शेवटी तिच्याएवढेच झाले.

मित्रांनो, मी किती हुरळून गेलो म्हणून सांगू! कुल्फीचे दर नाहीत, पुढाऱ्याचा वाढदिवस नाही. एका शिक्षिकेचं अभिनंदन माझ्या वाट्याला आलं होतं. संध्याकाळी लाकडी चौकटीवर ठोकून मला चौकात उभं केलं. बसथांबा माझ्या पायाशी होता. येणारा जाणारा वर बघत होता. "तात्यांच्या सुनेनं नाव काढलं," असं जो तो म्हणत होता. माझ्याच सावलीत भाजीची पाटी घेऊन बसणारी शालू तर उठून उभी राहिली आणि बोटाने एकेक अक्षर लावत मला वाचू लागली. मला वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

ही पदवी पूर्णिमेने कशी मिळवली, ते मला चौकातल्या बोलण्यातून कळत गेलं. तिला लग्नाआधीपासून शिक्षिका व्हायचं होतं. पण शिक्षिका व्हायचं तर बी.एड. करायला हवं, आणि त्यासाठी रोज कॉलेजात जायला हवं. घरात तिची लहानगी मुक्ताई होती आणि गोठ्यात गाई होत्या. तात्यांनी तेव्हा सांगून टाकलं होतं, "शिकायचं तर शीक, पर घरात बसून शीक." मग तिला मोबाईलवर एका दूरच्या विद्यापीठाची जाहिरात दिसली. घरबसल्या एम.ए., तेही शिक्षणशास्त्रात. फोनवरचा माणूस गोड बोलला. बी.एड. ही साधी पदवी, ही तर पदव्युत्तर, म्हणजे त्याच्या वरची, असं तो म्हणाला. पूर्णिमेला ते पटलं. मोठी पदवी घेतली की धाकटी तिच्यात आलीच, असं कुणाला वाटणार नाही? तात्यांना तर ते फारच पटलं, कारण सून घरातच राहणार होती.

पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून तिने ती पदवी केली. एका हाताने भाकरी थापायची आणि कान तिकडे ठेवायचा. परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. त्या पदवीत खोटं काहीच नव्हतं. मग खोटं कुठे होतं? ते सोमवारी कळलं.

सोमवारी सकाळी ती फाईल घेऊन बसने पेठेत गेली. दुपारी ती परत यायच्या वेळी तात्या पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या खाली येऊन उभे राहिले. बस आली. पूर्णिमा उतरली. तिने आधी वर माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"काय गं, दिली का ऑर्डर?"

"तात्या, घरी चला. घरी सांगते."

"हितं सांग की. लोकं पेढ्याला खोळंबल्याती."

"नाही मिळाली," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडे बी.एड. नाही. एम.ए. आहे म्हटल्यावर बी.एड. आधीच झालं असणार, असं त्यांनी धरलं होतं. आज कागद पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं."

"अगं, पर तुजी तर वरची पदवी हाय!"

"वरची नाही तात्या, वेगळी आहे. माझी पदवी खरी आहे. पुढे अभ्यास करायला चालेल, एखाद्या संस्थेत काम करायलाही चालेल. पण वर्गावर शिक्षक म्हणून नेमायचं तर सरकारच्या नियमात बी.एड. लागतं, आणि तेही मान्यतेचं. त्यात शाळेत जाऊन महिनोन्‌महिने पाठ घ्यावे लागतात. कुणीतरी मागे बसून आपलं शिकवणं बघतं. ते मोबाईलवर होत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'शिक्षणाबद्दल आपण पुष्कळ शिकलात हो. शिकवायला कुठे शिकलात, तेवढं सांगा.'"

"मंग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? पाठ मी एकही घेतला नव्हता."

तात्यांनी पेढ्यांचा पुडा सदऱ्याच्या आत सरकवला. मग त्यांनी वर पाहिलं. मी तिथे होतोच, तीन अभिनंदनांसह. त्या क्षणी मला पहिल्यांदा लाज वाटली. ऊन तेच होतं, वारा तोच होता, पण अंगावरचं एकेक अक्षर मला जड झालं.

"कुणाला बोलू नगंस," तात्या म्हणाले. "ह्याच्यावर चार दिसांत दुसरा लागंल. आपसूक झाकंल."

आमच्या चौकात तशीच रीत आहे. फ्लेक्स कुणी उतरवत नाही, त्याच्यावर दुसरा चढतो. आणि दिवसाढवळ्या आपलाच फ्लेक्स आपण उतरवणं म्हणजे, छापलेलं खोटं होतं असं साऱ्या गावासमोर कबूल करणं. म्हणून तात्या कुणाच्या तरी वाढदिवसाची वाट बघत राहिले.

वाढदिवस आले, पण मला कुणी झाकलं नाही. पोरं शिडी घेऊन यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाईंचा हाय रे, त्यावर नको. खाली लावू." कधी नव्हे ते आमच्या गावाला शिक्षकांबद्दल आदर आठवला होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला होता. मग एकदा विनापरवाना फ्लेक्स काढणारी गाडी आली. एरवी अशी गाडी दिसली की तात्या बाह्या सरसावून आडवे उभे राहायचे. त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी पोचले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो काढा. पयला ह्यो काढा." गाडीवरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "कशाला काका? इतक्या दिवसांत एवढाच चांगला दिसला. राहू द्या," असं म्हणून तो बाकीचे फ्लेक्स भरून घेऊन गेला. सगळा चौक रिकामा झाला आणि मी एकटाच उरलो. आता तर मी लांबूनही दिसू लागलो.

पूर्णिमेचं काय झालं असेल याचा विचार करा. ती घराबाहेर पडली की लोक विचारत, "बाई, शाळेला निघालात?" पहिल्या दिवशी तिला नाही म्हणता आलं नाही. मग रोजच म्हणता आलं नाही. सकाळी पर्स खांद्याला लावून ती बसमध्ये चढायची, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दिवसभर बसायची आणि शाळा सुटायच्या वेळेला परत यायची. ती माझ्या खालून जाताना मी तिच्याकडे बघू शकत नसे. तीही वर बघत नसे. माझ्यावरची पूर्णिमा मात्र सारखी हसत होती. मला ते हसू मिटवता येत नव्हतं.

तरीही हे किती दिवस चाललं असतं, कुणास ठाऊक. ते शालूमुळे थांबलं.

एका सकाळी शालू पूर्णिमेची वाट अडवून उभी राहिली. तिने हात पदराला पुसले. "बाई, एक काम व्हतं. माजी स्वराली यंदा पाचवीला गेली. हुशार हाय पोरगी. तुमच्या शाळंत तिला घ्याल का? मी तिला सांगून बसलेय, बाई हाईत आपल्या, त्या करत्याल." असं म्हणून तिने पाटीखालून एक पिशवी काढली. स्वरालीची सगळी कागदपत्रं तिने आधीच जमवून ठेवली होती. पूर्णिमा त्या पिशवीकडे बघत राहिली. बस आली आणि निघून गेली, तरी ती तिथेच होती.

"उद्या सांगते," एवढंच ती म्हणाली आणि घराकडे परत वळली.

दुसऱ्या दिवशी, चौक गजबजलेला असताना, पूर्णिमा खांद्यावर शिडी घेऊन आली. तिने शिडी माझ्या खांबाला लावली आणि साडीचा पदर खोचून वर चढली. लोक जमले. पानाच्या टपरीजवळ तात्या उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"का वं बाई, का काढताय?" शालूने खालून विचारलं.

"खोटा आहे म्हणून, शालूताई. माझी नेमणूक झाली नाही. मी शिक्षिका नाही."

"मंजी? रोज जाता ती शाळा?"

"शाळेत नाही जात. लाज वाटत होती म्हणून नुसतीच बसने जात होते, तुम्ही विचारलं तर खोटं सांगत होते. स्वरालीसाठी मी काहीच करू शकत नाही. मला माफ करा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शालू पाटीशी जाऊन बसली आणि कोथिंबिरीची एकच जुडी कितीतरी वेळ निवडत राहिली. पूर्णिमेने एकेक खिळा उपटला आणि मी तिच्या अंगावर कोसळलो. तिने मला गुंडाळलं, अक्षरं आत घालून. तात्या मागच्या बोळाने घरी निघून गेले.

मग माझी रवानगी गोठ्यात झाली. गाईंच्या चाऱ्यावर मला पालथं टाकलं. पावसाचं पाणी माझ्या पाठीवरून वाहायचं आणि माझं तोंड चाऱ्यात खुपसलेलं असायचं. खरं सांगतो, मला ते बरं वाटायचं. निदान मला कुणी वाचत नव्हतं.

त्या गोठ्यातच एका सकाळी पूर्णिमेच्या सासूबाई, सरुबाई, धार काढत होत्या आणि तात्या चौकाच्या नावाने पुटपुटत इकडून तिकडे करत होते. शेवटी सरुबाई म्हणाल्या, "सारखं त्या चौकाला काय बोल लावताय? चौकानं सांगितलं व्हतं का, घरात बसून शीक म्हणून?"

तात्या थांबले.

"मीच सांगितलं व्हतं," मग ते म्हणाले. "तिला कालिजात धाडली असती, तर आज खरी बाई झाली असती. माज्यापायी तिचं हसं झालं."

त्या वर्षी पूर्णिमेने बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिली. अभ्यासिकेत लाजेने घालवलेले दिवस असे कामी आले, कारण तिथे बसून तिने दुसरं केलं काय होतं? तिला पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तात्या सकाळी मुक्ताईला शाळेत सोडायला लागले. तिची वेणी घालणं त्यांना कधीच जमलं नाही, तो भाग वेगळा.

एका दुपारी पूर्णिमा गोठ्याच्या दाराशी कागद पसरून बसली होती. तिला नदीचा पाठ घ्यायचा होता. पुण्याच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं, हे मुलांना दाखवायचं होतं. कागद लहान पडत होता आणि रंगाने फाटत होता. तात्या चारा काढायला आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मला चाऱ्यावरून ओढलं, अंगणात नेलं आणि ब्रशने घासघासून धुतलं. फक्त मागची बाजू. पुढची बाजू त्यांनी खालीच ठेवली.

"ह्याची ही बाजू कोरी हाय," ते म्हणाले. "तुला चालंल का बघ."

पूर्णिमेने तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती रंग घेऊन माझ्यावर वाकली. दोन दिवसांत माझ्या पाठीवर धरण आलं, टेकड्या आल्या आणि नदी वाहू लागली.

तिचे पाठ आमच्याच गावातल्या शाळेत होते. सहावीच्या वर्गात तिने मला दोन खिळ्यांना अडकवलं, तोंड भिंतीकडे करून. मागच्या बाकावर तिच्या कॉलेजच्या मॅडम वही उघडून बसल्या होत्या. त्या दिवसाच्या पाठाला गुण मिळणार होते. तिसऱ्या बाकावर स्वराली बसली होती, शालूची मुलगी. मला धडकीच भरली.

पाठ छान चालला होता. "आपल्या नळाचं पाणी कोण कोण प्यायलं आज?" असं तिने विचारलं आणि सगळे हात वर झाले. नदी धरणातून निघाली, गावावरून पुढे सरकली. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने माझा एक कोपरा खिळ्यातून सुटला. मी एका कोपऱ्यावर लोंबकळलो, गर्रकन फिरलो आणि माझं तोंड वर्गाकडे झालं.

मुलं मोठ्यांदा वाचू लागली. तुम्हाला माहीतच आहे, समोर अक्षर दिसलं की मुलं वाचतातच. "अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मग "शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल!" मॅडमनी वहीतून मान वर केली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मॅडम, हा तुमचाच फोटो!" एक मुलगा म्हणाला. "तुम्ही आधीच शिक्षिका झाला होतात?"

पूर्णिमा लालेलाल झाली. तिने खडू टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ती रडेल.

"नव्हते झाले," ती म्हणाली. "हा फ्लेक्स लागला तेव्हा वर्गासमोर कसं उभं राहायचं, हेसुद्धा मला कुणी शिकवलं नव्हतं. मी अजूनही शिक्षिका नाही. शिकते आहे. त्या मागे बसलेल्या मॅडम तेच बघायला आल्या आहेत."

सगळ्या मुलांनी एकदम मागे वळून पाहिलं. मॅडमना काय करावं ते कळेना. त्या किंचित हसल्या.

"मग हे खोटं लिहिलंय?"

"हो. घाईने लिहिलं, आणि खोटं ठरलं. मग ते लवकर काढलंही नाही. ती माझी चूक." तिने माझा लोंबणारा कोपरा हातात धरला. पण खिळाच निखळला होता. एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने तिला नदी दाखवता येईना.

तेव्हा स्वराली बाकावरून उठली. ती पुढे आली, तिने मला सरळ केलं, नदी वर्गाकडे आणि अक्षरं स्वतःकडे. "मी धरते, मॅडम," ती म्हणाली. "पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

तास संपेपर्यंत ती मला धरून उभी होती. माझं ते खोटं तोंड तिच्या निळ्या फ्रॉकला टेकलेलं होतं. ज्या मुलीला माझ्यामुळे खोटी आशा लागली होती, तिनेच मला पोटाशी धरलं होतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पुढे पूर्णिमा बी.एड. झाली. शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाली. मग खडकीच्या एका शाळेतून बोलावणं आलं. मुलाखत झाली, निवड झाली, कागदपत्रं तपासून झाली, तरी तात्या गप्प होते. ऑर्डर घरात आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती स्वतः वाचली, मग विश्वजीतकडून वाचून घेतली. आणि मग त्यांनी मला माळ्यावरून खाली काढलं.

"आता सगळं खरं हाय," ते म्हणाले. "एकेक अक्षर खरं हाय. नवा कशाला? ह्योच लावतो चौकात, ह्या तोंडानं. बघू दे लोकांना."

तुमच्यापाशी लपवत नाही. माझ्याही मनात आलं, लावा! एकदा मला चौकात नेऊन उभं करा. खरा होऊन एकदा तरी ऊन खाऊ द्या. मी किती आशेने पूर्णिमेकडे पाहिलं असेल!

"नको तात्या," ती म्हणाली. "आज त्यातलं सगळं खरं झालंय, हे मला कळतंय. पण शालूताईंनी तो वाचला होता, तेव्हा तो खोटा होता. तो पुन्हा चौकात दिसला, तर त्यांना काय आठवेल?"

तात्यांनी मला हळूहळू गुंडाळलं, नदी बाहेर ठेवून, आणि सुनेच्या हातात दिलं. मग ते शर्ट बदलून पायी चौकात गेले. शालूच्या पाटीपाशी जाऊन त्यांनी तिला ती बातमी तोंडानं सांगितली, हे मला नंतर कळलं. तिने त्यांना कोथिंबिरीची जुडी दिली आणि पिशवीत घालायला लावली.

आता मी खडकीच्या शाळेत, पूर्णिमाबाईंच्या वर्गात असतो. इथली मुलं कारखान्याच्या वसाहतीतून येतात. त्यांचं घर माझ्या नदीवर नव्हतं, म्हणून त्यांनी हट्ट करून मुळा नदीही काढायला लावली. ती लाल बसही त्यांचीच. रोज कुणी ना कुणी माझ्यावरून बोट फिरवतं आणि धरणापासून दोन्ही नद्यांच्या संगमापर्यंत जातं. त्यांना वाटतं, मी नदीसाठीच जन्मलो.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. कुणाचं कौतुक करायचं असेल तर जरूर करा, पण ते काम पुरं होऊ द्या. तुम्ही ज्याला उंच टांगता, त्याला त्याच्याखालून रोज चालत जावं लागतं. आणि चुकून काही खोटं टांगलंच गेलं, तर दुसरं काही येऊन ते झाकेल म्हणून थांबू नका. शिडी घ्या आणि उतरवा.

आणि कधी या वर्गात आलात, तर मला उलटून पाहायचा मोह तुम्हाला होईल. पाहा, मी अडवणार नाही. माझ्या नशिबात ते आहेच. फक्त वाचून झालं की मला पुन्हा नीट अडकवा, दोन्ही खिळे घट्ट बसलेत ना ते बघा, म्हणजे बाईंना शिकवताना एका हाताने मला धरून ठेवावं लागणार नाही.